खोक्याचं वजन वजा

३ जानेवारी
वजनकाट्यावर श्वास आत ओढून उभ्या राहणाऱ्या तमाम भगिनींनो! आपलं दुखणं एकच: कान ठणकला तरी डॉक्टर आधी वजन विचारतात. (वहीत मी एकटीच आहे. पण पार्सल ऑफिसात युनियनची भाषणं करून करून सवय लागली.) आज मूल होत नाही म्हणून मी नि नवरा दवाखान्यात गेलो, तर तिथेही तेच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चरबी फार वाढली की हार्मोन्स बिघडतात, स्त्रीबीजं नीट तयार होत नाहीत, त्यांचा दर्जाही घसरू शकतो. त्यात वय एकोणचाळीस. तीन महिन्यांत सहा किलो उतरवा, मग बीजं वाढवायची इंजेक्शनं सुरू करू. जमत नसेल तर लगेच सांगा, औषध देता येईल. दर सोमवारी वजन फोनवर कळवायचं.
सहा किलो! माझ्या हातचा मळ.

४ जानेवारी, पहाटे
चालायला निघण्याचा निर्धार.

४ जानेवारी, दुपारी
निर्धार कायम. बूट जुने आहेत.

१२ जानेवारी
ऑफिसच्या पार्सलकाट्यावर वजन केलं. आमच्याकडे खोक्याचं वजन वजा करून मालाचं धरतात. मीही कपडे, चपला, केस वजा केले. बीजांचा चपलांशी काय संबंध? फोन केला.

९ फेब्रुवारी
तीन किलो कमी! पाणी आणि जेवण वजा धरलं. ते काही माझं नव्हे. शेजारच्या काउंटरवरचा म्हणाला, "ताई, पुढच्या सोमवारी हाडंही काढून ठेवा." मत्सर, दुसरं काय.

२ मार्च
नणंद म्हणाली, "वहिनी, ड्रेस आवळतोय की!" म्हटलं, धुण्यात आटलाय. नवरा तिच्यावरच डाफरला, "ही म्हणतेय ना उतरलं, मग उतरलं." यावर काहीतरी वाटायला हवं होतं. हल्ली वाटत नाही.

१६ मार्च
सहा किलो पूर्ण. फोनवर दवाखान्यातल्या मुलीने अभिनंदन केलं. मी स्वीकारलं.

४ एप्रिल
दवाखान्यातल्या काट्यावर नर्सला म्हटलं, कपडे वजा करा. ती म्हणाली, "अहो बाई, सगळ्याच कपड्यांत येतात." जानेवारीपेक्षा दोन किलो जास्त. डॉक्टरीणबाई ओरडल्या असत्या तर मी उत्तर दिलं असतं. त्या हळू बोलल्या. वेळेत कळलं असतं तर औषध सुरू केलं असतं. आजच्या तपासणीत बीजं आधीपेक्षा कमी दिसतायत. सगळं वजनामुळे नाही, वयाचंही आहे. पण हे तीन महिने हाताशी होते. इंजेक्शनं आज नाहीत.
मी "बरं" म्हटलं. नवरा बाहेर बसला होता. त्याला सांगितलं, डॉक्टर रजेवर आहेत.
आता तो स्वयंपाकघरात फ्रिज पुसतोय. इंजेक्शनांसाठी अख्खा वरचा कप्पा रिकामा केलाय. तिथूनच विचारतोय, "एवढी जागा पुरेल ना गं?"
सभा बरखास्त. ऊठ बाई. आत जा आणि त्याला खरं सांग.