लाज नंतर वाटून घेऊ

सोहार (ओमान),
मंगळवार

प्रिय मजीद,

तुझा व्हॉइस मेसेज येऊन बरेच दिवस झाले. निळ्या खुणा तुला दिसल्याच असतील. म्हणजे मी ऐकलाय हे तुला कळलंय, आणि तरी उत्तर नाही म्हणून तू मला मनातल्या मनात चार शिव्याही हासडल्या असशील. उत्तर रेकॉर्ड करायला घेतलं होतं रे. पण माझा आवाज मला माहीत आहे, बटण दाबलं की तो आपोआप मोठ्या माणसाचा होतो. म्हणून कागद घेतला. तुमच्या मोहल्ल्यातली गुलबानू परवा गावी निघालीय, तिच्या हाती देतोय. वाटेत फोडू नको म्हणून बजावलंय, तरी ती फोडेलच. वाचू दे.

तू म्हणालास, "रामकृष्ण, तू नसतास तर आमची पोरगी त्या डोंगरावरच राहिली असती. अम्मा रोज नमाज झाली की तुझं नाव घेऊन दुआ मागते. आणि सुरैयाला मी सांगून टाकलंय, रस्त्यावर धाव हवं तेवढं, डोंगर आता खलास." पुढच्या शुक्रवारी डोंगराची मोठी शर्यत आहे. तुझ्या बहिणीनं वर्षभर त्या एका शर्यतीची तयारी केली, आणि धावणाऱ्यांत आता तिचं नाव नाही. तिचं नाव कुणामुळे गेलं, ते लिहायला बसलोय. पण एकदम तिथं पोचता येत नाही, तेव्हा जरा सोसून घे.

आपला धावण्याचा क्लब बरा चाललाय. कॉर्निशच्या समुद्राकाठच्या रस्त्यावर पहाटे अजूनही मासळीबाजाराच्या बाजूनं वारा आला की नवीन पोरं नाक धरतात आणि जुनी हसतात. तुझ्या रंगांच्या दुकानात आता शोरम्याचं हॉटेल आहे. आठवतं, दुकान बंद करून तू चपला घालूनच माझ्याबरोबर धावायला आला होतास? मी तुला तिथल्या तिथं थांबवून टाच कुठं टेकते, चवडा कुठं, यावर व्याख्यान दिलं होतं. तू म्हणालास, "इन्स्पेक्टरसाहेब, मी माणूस आहे, पाइप नाही." दहावी नापास माणूस मी. इंग्रजी शिकलो ते ड्रॉइंगवरच्या सूचना वाचून, वेल्डिंग तपासायला शिकलो ते दुसऱ्यांच्या जोडांना भिंग लावून. धावणंही तसंच. पुस्तकं मागवली, स्वतःच्या बुटांचे झिजलेले सोल उलटे करून बघत बसलो. कुणी शिकवलं नाही, त्यामुळे जे येतं ते सगळं माझं, हा ताठा. आणि दुसऱ्याच्या जोडात केसाएवढी भेग दिसली की मला चैन पडत नाही, हे तू जाणतोसच.

तू गुडघा धरून गावी गेलास तेव्हा सुरैयाला माझ्या हवाली केलंस. "हिच्याकडे बघ जरा." मी बघितलं. म्हणजे काय, चुका काढल्या. नाडी वरच्या शेवटच्या भोकातून ओव, टाच सुटतेय. कोपर आत. पाऊल उचल ना, खरडत काय चालतेस? बौशरला रस्त्यावरच्या शर्यतीला गेलो होतो, तेव्हा ती माझ्या मागून आली आणि मी सगळ्यांसमोर तिची पावलं करून दाखवली. आखूड, घासत, बदकासारखी. पोरं हसली. तीही हसली. म्हणाली, "रामभाई, शाळेत पोरांचं गणित चुकलं तर मी एवढं नाही हो बोलत." मला तो विनोद वाटला.

आता डोंगर. मोठ्या शर्यतीआधीची सरावाची शर्यत यासिरनं यंदा त्याच्या आजोळच्या गावी नेली. डोंगराच्या बाबतीत क्लबात अजून त्याचाच शब्द शेवटचा. गावाच्या शाळेच्या मैदानातून निघायचं, खजुराच्या बागेतून फलजच्या पाटाकडेनं पायथ्याला जायचं, मग सरळ वर. वर एक पडका दगडी बुरूज आहे, त्याला वळसा घालायचा आणि पलीकडच्या अंगानं उतरून पुन्हा पाटावर यायचं. चढ मी चांगला मारला. हे खोटं नाही, कुणालाही विचार. आपल्या सागरला मी अर्ध्या चढात मागे टाकलं. तो विशीतला पोरगा ओरडला, "काका, यल्ला! थोडं आमच्यासाठी ठेवा!" मी बुरुजाला हात लावला आणि ऐटीत वळलो.

खाली गाव दिसलं. खजुरांचे शेंडे, शाळेचं मैदान, मैदानात आपला निळा तंबू, नखाएवढा. आणि माझे पाय थांबले.

तू म्हणशील, प्लांटवर टाक्यांच्या शिड्या चढणारा गडी, त्याला उंचीचं काय? पण तिथं कमरेला पट्टा असतो, हाताला कठडा असतो, आणि शिडी जागची हलत नाही. इथं नुसता घसारा. ताटल्यांसारखे सुटे, धारेचे दगड. पाऊल ठेवलं की सगळा उतारच खाली निघतो. मी एक पाऊल टाकलं. दगड सुटले, त्यांचा आवाज बराच वेळ खाली जात राहिला. मी मागे सरकून बुरुजाला पाठ लावली. दोन्ही हातांनी मागचे दगड धरले. माणसं बाजूनं उतरून जात होती, तेव्हा मी वाकून बूट सोडायला घेतला. सागरनं विचारलं, "काय झालं काका?" मी म्हटलं, "खडा गेलाय." त्याच्यामागचे गेले, त्यांच्यामागचे गेले, आणि माझा खडा काही निघेना.

शेवटी सुरैया आली. ती बुरुजाला वळसा घालून माझ्यापाशी थांबली. माझ्या बुटाकडे तिनं बघितलंच नाही, माझ्या तोंडाकडे बघितलं. म्हणाली, "खडा नाहीये ना, रामभाई?" मी म्हटलं, तू हो पुढं, तुझी शर्यत आहे. ती म्हणाली, "बसा खाली. बसूनच उतरू." मी म्हटलं, अगं, माणसं बघतील, लाज काढतील. त्यावर तुझी बहीण काय म्हणाली, ऐक. "लाज नंतर वाटून घेऊ. आधी बसा."

तर असा उतरलो मी तो डोंगर, मजीद. बुडावर. एक हात दगडावर, एक तिच्या हातात. आणि ती पुढं, आखूड, घासत, बदकासारखी. ज्या पावलांची मी बौशरला नक्कल केली त्याच पावलांनी. दगड तिच्या पायाखालून सरकत होते आणि तीही त्यांच्याबरोबर सरकत होती, जणू ओळखीचे असावेत. मला गप्पा मारत ठेवत होती. म्हणाली, "आपल्याकडच्या कातळावरनं खाडीत तिसऱ्या काढायला उतरायचो ना, पाटी डोक्यावर, तेव्हाची सवय. तुम्ही तर तेव्हाही डांबरी रस्त्यानंच जायचात, इस्त्रीची चड्डी घालून." एकदा मी सुटलो आणि सगळा भार घेऊन तिच्यावर गेलो. तिचा गुडघा दगडावर आपटला, फुटला, रक्त बुटापर्यंत आलं. ती एवढंच म्हणाली, "हं. आता उजवा पाय इथं ठेवा."

पायथा आला. पाट लागला, सपाट वाट लागली, आणि झाडांतून तंबू दिसला. माझी शॉर्ट्स मागून पार फाटली होती. मी जॅकेट कमरेला गुंडाळलं. मग तिचा हात सोडला.

आणि धावलो, मजीद. छाती काढून, कोपर आत घेऊन, पुस्तकात लिहिलंय तसा धावलो. ती मागून लंगडत येत होती. सागरनं फोटो काढला तो तुझ्यापर्यंत पोचलाच आहे: मी पुढं, हात वर, आणि मागे रक्तानं भरलेला पाय घेऊन सुरैया. कुणीतरी ओरडलं, "अरे रामकृष्णजी, मॅडम को आपने उतारा ना? तभी मैं बोलूँ, आप और लेट!" मी पाणी पीत होतो. तोंडात पाणी होतं, हे खरं. मी नुसता हात हलवला, 'त्यात काय एवढं' असा. एक शब्दही खोटा बोललो नाही मी त्या दिवशी, हेच मी इतके दिवस स्वतःला समजावत होतो. हातच बोलला. आणि हात कुठला, तर तिनं वरपासून धरून आणलेला.

ती पोचली तेव्हा सगळे तिला म्हणत होते, नशीब समजा रामकृष्णजी होते. तिनं ऐकलं. माझ्याकडे बघितलं. मी तिच्या नजरेला नजर न देता मोठ्यानं म्हणालो, "अरे, पट्टी आणा कुणीतरी हिला!" यापेक्षा खालचं मला अजून आठवत नाही, आठवलं तर कळवीन.

घरी किशोरीनं धुण्यातून ती शॉर्ट्स उचलली आणि खिडकीच्या उजेडात धरली. आरपार गॅलरी दिसत होती. "अहो," म्हणाली, "दुसऱ्याला उतरवणाऱ्याची चड्डी बसायच्या जागी फाटते होय?" मी म्हटलं, जेवायला वाढ. तिनं वाढलं. त्यानंतर आमच्या घरात त्या शर्यतीचा विषय निघाला नाही. मग यासिरनं सांगितलं की जिला खाली उतरवावं लागतं तिला मोठ्या डोंगरावर न्यायची जोखीम तो घेणार नाही. सुरैयानं वाद घातला नाही. मीही तिथंच उभा होतो. नाडी बांधत होतो.

आणि मग तुझा मेसेज. यासिरचं मी पचवलं असतं, मला माझी लायकी आता कळलीय. पण अम्मा. तिनं लहानपणी मला तुझ्याच ताटात वाढलंय. ती म्हातारी गुडघे दुखत असताना बसून माझ्यासाठी दुआ मागते, ती कशासाठी, तर तिच्या लेकीनं केलं त्यासाठी.

मी यासिरच्या घरी गेलो. त्यानं कहवा पुढं केला, मी कप हातात न घेता सगळं सांगितलं. तो आधी हसला. मग हसायचा थांबला आणि म्हणाला, "हे मला एकट्याला सांगून काय उपयोग? ऐकलं सगळ्यांनी होतं." बरोबर होतं त्याचं. गेल्या शुक्रवारी कॉर्निशवर, सगळे जमल्यावर, मी सांगितलं. सागरला वाटलं मी चेष्टा करतोय. मग सगळे आपापले बूट बघत उभे राहिले. यासिरनं तिथंच सुरैयाला मोठ्या शर्यतीचा नंबर देऊ केला.

तिनं घेतला नाही. तेवढ्यासाठीच हे पत्र. म्हणाली, "रामभाई, तुम्ही बोललात, मला बरं वाटलं. पण मी भाईला डोंगर सोडायचा शब्द दिलाय, अम्मा फोनवर होती तेव्हा. तो नाही मोडणार." मी म्हटलं, मग त्याला खरं काय झालं ते सांग. तर माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमचं मी कशाला सांगू? गावात तुमचं नाव आहे." म्हणजे डोंगर गेला तरी चालेल, पण माझं नाव राहावं. तो शब्द तिला परत देणं तुझ्याच हातात आहे. पत्र वाचलंस की आधी तिला फोन कर. यासिर तिचा नंबर शुक्रवारपर्यंत राखून ठेवतोय. मग अम्माला सांग, दुआ चुकीच्या घरी पोचत होती, ती लेकीच्या नावानं माग. माझं नाव गावात काय व्हायचं ते होऊ दे, गुलबानूनं फोडलंच असेल तर एव्हाना झालंही असेल. मी त्या दिवशी धावणार नाही, पट्ट्यांची पेटी घेऊन पायथ्याशी उभा राहणार आहे. किशोरीनं शॉर्ट्सला जुन्या जीनचं भलंमोठं ठिगळ लावलंय, तीच घालणार आहे, वर जॅकेट न बांधता. लाज नंतर वाटून घेऊ, असं सुरैया म्हणाली होती ना. वाटणी झालीच नाही, सगळी तिनं एकटीनं नेली. तिच्याकडून ती काढून घे, मजीद. वाटायची नाही. सगळी माझी आहे.

तुझाच, अजून म्हणू देत असशील तर,
रामकृष्ण