तेरा इंचांची चाके

मंगळवार, १२ जून २००१. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी टायरवाल्याने माझ्या गाडीला चौदा इंचांची चाके बसवून दिली. मी तेरा सांगितली होती, गाडीच्या पुस्तिकेतले पानही दाखवले होते.

"साहेबांना विचारलं, आजी. मोठी शोभून दिसतात म्हणाले. पहिल्याच रिंगला फोन उचलला हो त्यांनी."

साहेब म्हणजे माझा मुलगा, बंगलोरला असतो. अडीअडचणीला म्हणून त्याचा नंबर मीच दुकानात दिला होता. म्हटले, "मग साहेबांच्याच गाडीला बसवा."

वळताना टायर मडगार्डला घासतो. चाके उद्या बदलून घेईन, ते काही अवघड नाही. पण पहिल्याच रिंगला? माझा फोन तीन आठवडे उचललेला नाही.

त्याला आत्ताच पत्र लिहिले: माझा फोन का उचलत नाहीस, याचे २३ जूनच्या आत लेखी उत्तर हवे, स्वतःच्या हस्ताक्षरात.