कन्येसाठी ऐकण्याचा क्लास

३ जून, सकाळी ६
आजपासून कन्येला नीट ऐकायला शिकवणार. वय दहा, आणि जाहिरातीत दिसेल ते हवं. काल म्हणे, एका शॅम्पूने आठवड्यात केस कमरेपर्यंत येतात! अठरा वर्षं गाद्या विकणाऱ्या बापाच्या पोरीने असं फसावं? रोज अर्धा तास क्लास. बायको काहीतरी म्हणाली, आधी तुम्ही ऐकायला शिका की काय. दाढी चालली होती, नीट ऐकू आलं नाही.

५ जून
दोन दिवस मॅच होती. आज मुहूर्त लागला. तीन प्रश्न शिकवले. हे कोण म्हणतं? त्यात त्याचा फायदा काय? त्याने काय सांगितलं नाही? पोरगी तल्लख. माझ्यावर गेलीय.

७ जून
जेवताना सांगितलं, पालेभाजीने डोळे तेज होतात. कन्येने विचारलं, कोण म्हणतं? म्हटलं, मी. मग तू का खात नाहीस, म्हणाली. शिक्षकाने कुठे थांबावं हे कळायला हवं. थांबलो.

९ जून
शाखाप्रमुखाची जागा रिकामी! रविवारी मालक स्वतः दुकानात येऊन काम बघणार. आपलं नक्कीच. सासूबाईंना फोन करून कळवूनही टाकलं. कन्येलाही नेतो. बाप कसा बोलतो ते बघू दे.

१२ जून, रविवार, संध्याकाळी ५
मालक शेजारी उभे. कंबर धरलेल्या एक आजी सगळ्यात महाग गादीवर आडव्या. मी रंगात. म्हटलं, मोठमोठे डॉक्टर हीच सुचवतात. कन्येने शाळेतल्यासारखा हात वर करून विचारलं, कोणते डॉक्टर?

मी उशी सारखी केली. आजी उठून बसल्या, म्हणाल्या, तूच सांग गं बाई. आमच्या कन्याबाईंनी सांगितलं. मऊ गादीत कंबर रुतते, साधी घट्ट गादी बरी, असं बाबाच घरी आईला सांगतो, आणि आमच्याकडे तीच आहे. आजींनी ती घेतली. वर दोन्ही सुनांसाठी एकेक! मालकांनी कन्येला चॉकलेट दिलं. माझ्याशी काही बोलले नाहीत. भारावले असावेत.

१४ जून
शाखाप्रमुख म्हणून आमच्या दुकानातल्या कॅशियरबाईंना नेमलं. मालक म्हणाले, त्या गिऱ्हाइकाचं ऐकून घेतात. ठीक आहे. मला कुठे हौस होती?

घरी सांगितलं, मालक अगदी हातापाया पडत होते, मीच नको म्हटलं. बायको भांडी लावत राहिली. कन्येने तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि मिटलं. पाण्याचा ग्लास आणून दिला. एकही प्रश्न विचारला नाही.

विचारला असता तर बरं वाटलं असतं.