पाखराच्या छापाचं ताट

अहो, ऐकताय ना,

वैशालीने वर आधी 'प्रिय' लिहिलं होतं. मी म्हटलं, खोड ते. अख्ख्या संसारात कधी प्रिय म्हटलं नाही, आता म्हटलं तर तुम्हाला वाटेल भलत्याच कुणाची चिठ्ठी हाती आली! सूनबाई कुरुमच्या ऑफिसातून आत्ताच घरी येतेय, पायांतल्या चपला निघाल्या नाहीत तोवर मी तिला कागद घेऊन बसवलं. मला अक्षर येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. पोटात काही राहत नाही, हेही ठाऊक आहे.

काल शेजारच्या गल्लीतल्या उम्म सालेमकडून ताट रिकामं परत आलं.

नुसतं रिकामं नाही हो. धुऊन, पुसून, पालथं घालून. तिच्या मुलाने, सालेमने, दारातच माझ्या हातात दिलं आणि मान वर न करता जिना उतरून गेला. मी ताट उलटं केलं, सुलटं केलं. एक खजूर नाही, साखरेचा एक दाणा नाही. तुम्ही गेलात त्या दिवशीसुद्धा मी इतकी गडबडले नव्हते. रागावू नका, तुमची तब्येत तरी सांगून बिघडली होती. हे काही न सांगताच झालं.

तुमची नोकरी संपल्यावर आपण प्रकाशकडे, इथे अरबांच्या मुलखात, रुवीत राहायला आलो, तेव्हापासून दर रमजानात तिच्या माझ्या घरात ताटं फिरतात, विसरलात का? मगरिबच्या, म्हणजे त्यांच्या संध्याकाळच्या नमाजाच्या, आधी माझं ताट हमरियाच्या गल्लीतून तिच्या घरी जायचं, दुसऱ्या दिवशी ते भरून यायचं. कधी घोटलेल्या गव्हाचं हरीस, कधी ते गोड तळलेले लुकैमात. तुम्ही चोरून खायचात आणि डायबिटीसचा दोष माझ्या करंज्यांना द्यायचात. रिकामं भांडं परत करायचं नाही, हे आपल्याकडे जसं, तसंच तिच्याकडे. ती मला उम्म प्रकाश म्हणते, म्हणजे प्रकाशची आई. ती मोडकं हिंदी बोलते आणि मी त्याहून मोडकं, म्हणून आमचं इतकं जमलं. धड बोलता आलं असतं तर केव्हाच भांडलो असतो.

गेल्या रमजानात आपल्या घरी सुतक, गोडधोड काही केलं नाही. यंदा तुमचं वर्ष झालं. म्हटलं, आता पहिली करंजी तिच्याकडेच जाऊ दे. वर्षभर ती रोज संध्याकाळी येऊन माझ्याजवळ बसली होती. करंज्या जास्त झाल्या, नेहमीचं पितळी ताट पुरेना. मग तुमची पेटी उघडली आणि तुमच्या नोकरीच्या कॅम्पातलं ते खणांचं स्टीलचं ताट काढलं. मोठ्या खणात करंज्या, बारक्या खणांत नारळाच्या वड्या. काय सुरेख दिसत होतं!

त्या ताटाच्या बुडाला पंख पसरलेलं पाखरू आहे आणि त्याखाली अक्षरं. मला वाटायचं, कंपनीचा छाप असेल. आपल्या कुकरवर नाही का कमळ आहे, तसं.

आज सकाळी ते ताट घेऊन मीच तिच्याकडे गेले. नेहमी मी दिसले की "आओ, उम्म प्रकाश, आओ" करत उंबऱ्यापर्यंत येते. आज तिने नुसती उशी सरकवली.

मी विचारलं, "करंजी में मीठ पड गया क्या?"

ती हसली नाही. ताट माझ्या हातातून घेतलं, पालथं केलं आणि त्या पाखरावर बोट ठेवलं. "ये कहाँ से आया?"

"मेरे आदमी का है."

"तुम बोला था, तुम्हारा आदमी हॉटेल में खाना बनाता."

आता मी काय सांगू? तुम्हीच शिकवलं होतंत ना? बाहेर कुणी विचारलं तर हॉटेलात आहे म्हणावं, गोऱ्यांच्या लष्करी कॅम्पाचं नाव घेऊ नये. मी विचारलं होतं, का हो? तर म्हणालात, "लोक मग बिस्किटांचे डबे मागत बसतात." आणि मी मूर्खासारखं ते खरं मानलं!

उम्म सालेमने मग जे सांगितलं ते ऐकून मी उशीवरून उठायचं विसरले. तिचं माहेर खाली दक्षिणेला, किनाऱ्यावर. तुमचा कॅम्प जिथे आहे तिथेच. तिच्या लहानपणी कुंपण आलं. आधी थोडं होतं, मग सरकत सरकत समुद्रापर्यंत गेलं. होड्या लावायची जागा आत गेली. गोड्या पाण्याची विहीर आत गेली. आणि गावाचं कबरस्तान, ज्यात तिची आई आहे, तेही आत गेलं. फाटकावर मोठी पाटी आणि पाटीवर हेच पाखरू.

"ईद के दिन जाता हम," ती म्हणाली. "मर्द लोग कबरस्तान के अंदर जाता. हम औरत बाहर दीवार के पास खडा रहता, दुआ करता. उसका भी पास चाहिए. कभी देता, कभी नहीं देता."

"कब नहीं देता?"

"दुनिया में कहीं भी लडाई लगा, गेट बंद."

अहो, लढाई लागणार कुठल्या कुठे, आणि तिने आईच्या कबरीपासून लांब उभं राहायचं? मी म्हटलं, तुमचं सरकार काही बोलत नाही? तर म्हणाली, सरकारची त्यांच्याशी दोस्ती आहे, जुनी दोस्ती. दोस्ताला कोण उठ म्हणणार? ती हे अशा आवाजात म्हणाली की मला आपल्या गोठ्यात येऊन राहिलेले तुमचे आतेभाऊ आठवले. ते निदान मेले तरी.

वैशाली हसतेय. लिही गं, लिही. त्यांना माहीत आहे मी काय म्हणायचे त्यांना.

पण पुढचं ऐका. असंच एका ईदला फाटक बंद ठेवलं, तेव्हा तिच्या भाच्यांनी दगड मारले. गोरे तर कुंपणाच्या आत. बाहेर कोण येणार? भाजीपाल्याची गाडी. तिच्यात ड्रायव्हरच्या शेजारी कॅम्पाचा कुक बसला होता, एक हिंदी माणूस. त्याच्या कपाळाला लागलं. खूप रक्त आलं, असं भाचे घरी येऊन सांगत होते.

माझा हात आपोआप माझ्याच कपाळावर गेला, डाव्या भुवईच्या वर.

सुट्टीवर गावी आलात तेव्हा ती खोक जेमतेम भरली होती. मी हळद लावत होते आणि तुम्ही सांगत होतात, भांड्यांच्या कपाटाचं दार लागलं. आणि मी पोरांना हसत हसत सांगायचे, तुमच्या बाबांना कपाटसुद्धा दिसत नाही! मरेपर्यंत मी तुम्हाला त्यावरून चिडवलं. तुम्ही नुसते हसायचात. का सांगितलं नाहीत हो? दगड मारणाऱ्या पोरांचा राग आला असता मला, एवढंच ना? की तुम्हाला त्या पोरांचा रागच आला नव्हता?

आता आणखी एक कळलं. आपण इथे नवीन आलो तेव्हा उम्म सालेमने तुम्हाला दारात बसवून काहवा दिला होता. तिने माहेरच्या गावाचं नाव सांगितलं, आणि तुम्ही कप तसाच ठेवून उठलात. त्यानंतर गल्लीत ती दिसली की तुम्ही खाली मान घालून जायचात. मी म्हणायचे, या वयात बाईमाणसाला लाजतात! तुम्ही लाजत नव्हता. तुम्हाला सगळं ठाऊक होतं. आणि मी, तुमच्या कॅम्पाच्या पगारावर घर बांधलेली, पोरं शिकवलेली, मला विहिरीचंही माहीत नाही आणि कबरीचंही नाही!

मी उम्म सालेमला सांगितलं. लपवून काय करू? म्हटलं, "वो शायद मेरा आदमी था."

तिने फार हळू विचारलं, "घर आके क्या बोला?"

"बोला, अलमारी ने मारा."

तिने तोंडावर हात ठेवला. हसू आलं की रडू, मला कळलं नाही. मग कळलं, दोन्ही आलं होतं. मलाही तसंच झालं. दोघी म्हाताऱ्या एका कपाटावरून डोळे पुसत बसलो.

निघाले तेव्हा तिने ताट माझ्या हातातून काढून घेतलं आणि आत गेली. बाहेर आली तेव्हा मोठ्या खणात खजूर होते. बारके खण रिकामेच. एवढा जुना राग एका सकाळीत कसा जाईल? गेला असता तर मलाच खरं वाटलं नसतं.

दारात मी विचारलं, या ईदला पास मिळणार का? तर म्हणाली, "बोलता है इन्शाल्ला." प्रकाशच्या ऑफिसात त्याचा अर्बाब, म्हणजे मालक, पगारवाढीला इन्शाल्ला म्हणतो, तसंच हे दिसतंय.

म्हणून हे पत्र. तुम्हाला शब्द देते. ईदला मी उम्म सालेमबरोबर तिच्या माहेरी जाणार. प्रकाश नको म्हणेल, गाडीत फार वेळ बसवणार नाही म्हणेल. म्हणू दे, तुमच्यावरच गेलाय. माझ्या पिशवीत हे ताट असेल. मला पास वाचता येत नाही आणि माझं नावही लिहिता येत नाही. फाटकावर जो कोणी उभा असेल त्याच्यासमोर मी ते पालथं धरीन, पाखरू दिसेल असं. सांगीन त्याला, माझ्या नवऱ्याने जन्मभर तुम्हाला वाढलं, कधी काही मागितलं नाही, कपाळ फुटलं तरी नाही. आज मी मागते. हिला हिच्या आईपाशी उभं राहू द्या.

नाही सोडलं, तर आम्ही दोघी तिथेच बसू. उपास सुटलेला असेल, करंज्या बरोबर घेणार आहे.

तिची आई तुम्हाला कुठे भेटली, तर या वेळी मान खाली घालू नका. बोला तिच्याशी. थोडं अरबी येतं तुम्हाला, मला माहीत आहे.

तुमचीच,
प्रकाशची आई

(अंगठा माझा. शाई वैशालीच्या पेनातली. तिच्या नव्या ओढणीलाही लागली, त्यावरून ती आता बोलतेय.)