उजवा हात, डावा हात

प्रिय ताई,

आपल्या मातोश्री ठणठणीत आहेत. माझे अध्यापन कॉलेजचे सरावपाठ त्यांच्याच शाळेत आलेत, हे तुला कुणीतरी सांगितलं असेलच. सकाळी आम्ही दोघी बरोबर निघतो, संध्याकाळी बरोबर परततो. सुरुवातीला वर्गात कसं उभं राहावं ते मी जाताना ऐकायचे, भाजी कशी चिरावी ते आल्यावर. तू हसशील, पण आता श्वास घ्यायलाही मुख्याध्यापिकांची परवानगी लागेल असं वाटतं.

पहिल्या पाठाला कॉलेजच्या निरीक्षक बाई मागच्या बाकावर येऊन बसल्या आणि माझी पाचावर धारण बसली. पण आईची युक्ती होती ना! आठवते? तपासणीच्या दिवशी सगळ्यांनी हात वर करायचा. उत्तर येत असेल त्याने उजवा, नसेल त्याने डावा. मी प्रश्न विचारला की अख्खा वर्ग हात वर करायचा आणि मी बिनचूक उजवे हात निवडायचे. एकही उत्तर चुकलं नाही. नंतर शिक्षकखोलीत बाईंनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला आणि शांतपणे म्हणाल्या, की डावे हातही छान वर आले होते, पुढच्या पाठाला त्यांनाच विचार. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आईला सांगितलं तर ती भडकलीच. उभ्या आयुष्यात तिच्या शाळेला कुणी नावं ठेवली नव्हती म्हणे. पुढचा पाठ तिच्याच पद्धतीने व्हायला हवा. झालं! त्या दिवशी बाई मागच्या बाकावर आणि आई दाराबाहेर. पास व्हायचं ते एकीच्या हातात, राहायचं ते दुसरीच्या घरात.

विषय अपूर्णांकांचा. एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? मी खिडकीजवळच्या, डावा हात वर केलेल्या मुलीला उभं केलं. बिचारीचा चेहराच पडला. मी जीभ दातांखाली दाबून थांबले. शेवटी ती म्हणाली, चतुर्थांश मोठा, कारण तीनपेक्षा चार मोठे. वर्ग खो खो हसला. मग हसणाऱ्यांना कारण विचारलं, तर सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. उत्तर पाठ होतं, कळलं कुणालाच नव्हतं. कागदाच्या पट्ट्यांना घड्या घालून आम्ही पाहिलं, आणि त्या मुलीनेच फळ्यापाशी येऊन सगळ्यांना समजावलं. ताई, मला इतका आनंद झाला! मला शिकवायला आवडतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. दाराकडे पाहिलं तर आई निघून गेली होती.

तेव्हापासून ती घरात माझ्याशी चकार शब्द बोलत नाही. शाळेत निरोप असेल तर शिपाईकाकांमार्फत. तरीही तिने परस्पर माझी नोकरी तिच्या शाळेत पक्की केली आहे. महिनाअखेरीस सही करायची. हे तिचं प्रेमच आहे गं, आणि म्हणूनच नाही म्हणायला तोंड उघडत नाही.

बाईंनी तुझ्या गावातल्या एका शाळेकडे माझी शिफारस केली आहे. तू मनासारखं लग्न केलंस तेव्हापासून आई तुझं नाव काढत नाही, मला माहीत आहे. मीही आले तर ती घरात एकटी उरेल, तेही माहीत आहे. तरी विचारते, तुझ्याकडे राहायला येऊ का? उत्तर कॉलेजच्या पत्त्यावर पाठव. घरी आलेलं माझं पत्र आई आधी फोडते, त्यातल्या चुका लाल पेनाने सुधारते आणि मग माझ्या उशाशी ठेवते.

तुझीच,
शेंडेफळ