भरल्या ताटावरून

अण्णा, मागच्या महिन्यात मी एका माणसाला भरल्या ताटावरून उठवलं. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, तरी त्या दिवसापासून मनातल्या मनात मी तुम्हालाच उत्तरं देत बसले आहे. गिरगावातल्या खानावळीत तीस वर्षं वाढप्याचं काम केलेल्या माणसाची मुलगी मी. दुसऱ्या कोणी हे केलं असतं, तर कदाचित मी टाळ्याही वाजवल्या असत्या.

आधी काय झालं ते सांगते. लालबागला आपल्या चाळीमागे म्युनिसिपालिटीचं प्रसूतिगृह होतं, माझा जन्म झाला ते. तीन वर्षांपूर्वी ते दुरुस्तीसाठी बंद केलं. बांबू बांधले, हिरवी जाळी लावली आणि काम तिथेच थांबलं. तेव्हापासून आपल्याकडच्या बायका शीवच्या इस्पितळात जातात. गेल्या वर्षी समोरच्या खोलीतल्या काकींच्या सुनेला भर दुपारी कळा सुरू झाल्या आणि टॅक्सी हिंदमाताच्या गर्दीतून पुढे सरकेना. टॅक्सीतच बाळ झालं. मुलगा. शीवला पोचेपर्यंत तो राहिला नाही. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर. पुढचं ते बोलले नाहीत, पण काकी ते वाक्य रोज आपल्या परीने पुरं करतात.

आम्ही रहिवाशांनी अर्ज केले. आमदारांच्या कार्यालयात मी स्वतः सात वेळा गेले. कधी साहेब दौऱ्यावर, कधी अधिवेशनात. एकदा तर आतून त्यांचा खोकला ऐकू येत होता, तरी बाहेरचा माणूस मला शांतपणे सांगत होता, "दौऱ्यावर आहेत, ताई." मी त्यांनाच मत दिलं होतं, हेही लिहून ठेवते.

आणि मग एका रविवारी दुपारी मी मुलीला घेऊन दादरला जेवायला गेले, तर चार टेबलं सोडून आमदार बसलेले. झेंडे नाहीत, कार्यकर्ते नाहीत. घरची मंडळी होती. त्यांच्या ताटात गरम थालीपीठ नुकतंच आलं होतं, त्यावर लोण्याचा गोळा. मी उठले, त्यांच्या टेबलापाशी गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "साहेब, लालबागचं प्रसूतिगृह कधी उघडणार?" ते हसले. म्हणाले, "ताई, ऑफिसला या ना. निवांत बोलू." मी म्हटलं, "सात वेळा आले." मागून कोणीतरी म्हणालं, "अहो, दोन घास खाऊ द्या की त्यांना." लगेच दुसरा आवाज, "का? तुमच्या घरचे पाहुणे आहेत का ते?" लोक हसले. तेव्हा मी टॅक्सीतल्या बाळाचं सांगितलं. हिंदमाता, टॅक्सी, किती वेळ, सगळं. हसणं थांबलं. आमदारांशेजारी त्यांची म्हातारी आई बसली होती. तिला नीट ऐकू येत नसावं. ती लेकाच्या दंडाला धरून विचारत होती, "कुणाचं बाळ रे? काय झालं बाळाला?" आमदारांनी ताट पुढे सारलं आणि उठले. पाठोपाठ घरचे उठले. आईचा हात खरकटाच होता, सुनेने कागदी रुमालाने तो पुसला आणि तिला धरून बाहेर नेलं. ताटं तशीच. ती उचलायला आलेला वाढपी तुम्ही गेलात त्या वयाचा होता. मला वाटलं आता हा माणूस मला तुमच्यासारखंच काहीतरी सुनावणार. तो हळूच म्हणाला, "बरं केलंत, ताई." अण्णा, तो मला रागावला असता तर सोपं गेलं असतं.

कारण तुमचा तो दिवस मला आठवत होता. मी कॉलेजात आहे, दुपारचा वर्ग संपवून खानावळीत आले आहे, तुमची पाळी संपली की आपण बरोबर घरी जाणार. आपल्या वॉर्डाचे नगरसेवक कोपऱ्यातल्या बाकावर जेवायला बसलेत. आपल्या चाळीतल्या बायकांच्या संडासाला वर्षभर दार नव्हतं, एकीने आत जायचं आणि दुसरीने बाहेर चादर धरून उभं राहायचं. मी सरळ त्यांच्यासमोर जाऊन विचारलं, दार कधी बसणार म्हणून. तुम्ही हातात आमटीची बादली घेऊन आलात. माझ्याकडे न बघता म्हणालात, "पान वाढलंय. हो बाजूला." सगळ्या खानावळीसमोर. मी रडत रस्त्यावर जाऊन उभी राहिले. काचेतून मला दिसत होतं, तुम्ही त्यांना आग्रहाने भात वाढलात, ताक दिलंत. मग ते हात धुवायला उठले, तसे तुम्ही टॉवेल घेऊन मोरीपाशी गेलात आणि मान खाली घालून काहीतरी बोललात. घरी येताना मी विचारलं, काय म्हणाले? "बघतो म्हणाले." आणि मग थोड्या वेळाने, "जेवायला बसलेला माणूस नुसता जेवणारा असतो गं. त्याचे हात धुऊन होऊ द्यावेत." तुमच्या त्या वाक्याचा मला किती वर्षं अभिमान वाटत आला आहे. पण अण्णा, दार त्यानंतरही दोन वर्षं बसलं नाही. आई त्या चादरीमागे आणखी दोन वर्षं उभी राहिली. तुम्हाला हे कधी टोचलं का, हे मी विचारलंच नाही.

आता माझ्या बाजूचं सांगते. मुलीने सगळं मोबाइलवर घेतलं होतं आणि ते पसरलं. आठ दिवसांत हिरवी जाळी निघाली, रंगारी आले, तळमजल्यावर आठवड्यातून दोन दिवस बायकांची तपासणी सुरू झाली. सात खेपांत झालं नाही ते एका थालीपिठात झालं, असं चाळीत म्हणतात. ऑफिसातले डबा उघडताना विचारतात, "मॅडम, आज कोणाला उठवणार?" मुलगी म्हणते, "आई, तो पब्लिक माणूस आहे, पब्लिकमध्ये विचारलं. एवढा काय विचार करतेस?" काकींना मी एकदा बोलून दाखवलं की मी केलं ते मला बरं वाटत नाही, तर त्या भडकल्याच. "तो जेवत होतो म्हणान काय झाला? माझ्या नातवान दुधाचो थेंब तरी चाखल्यान काय?"  खुर्चीत जो सापडत नाही त्याला जिथे सापडेल तिथे विचारावं, हे मला पटतं. पण मागे एकदा मला आवडणाऱ्या एका बाईंना, त्याही राजकारणातल्या, काही लोकांनी मुलासोबत असताना दुकानात घेरलं होतं. ते मोबाइलवर बघून मी म्हटलं होतं, ही गुंडगिरी आहे. त्या लोकांच्याही घरात काहीतरी घडलं असेल, हे तेव्हा माझ्या मनात आलं नाही.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे येता रविवार. बाळंतपणाचा विभाग अजून बंदच आहे, आणि रविवारी दादरच्या एका हॉलमध्ये आमदारांच्या आईचं सहस्रचंद्रदर्शन आहे. आमच्या रहिवाशांच्या समितीला तिथे जायचं आहे. अध्यक्षांनी मला समजावलं, "आम्हाला गेटवरच अडवतील, ताई. व्हिडिओत तुमची नुसती पाठ दिसते, तुम्हाला कोणी ओळखणार नाही. चांगली साडी नेसा, हातात ओटीचं सामान घ्या. पाहुण्या म्हणून सरळ आत. म्हातारीला ओवाळायच्या वेळी सगळे गप्प असतात. तेवढ्यात विचारायचं. तुमचा आवाज लागतो छान." मी दोन दिवस मागून घेतले. त्या दोन दिवसांत सारखी काकींची सून डोळ्यांसमोर येत होती. तिला पुन्हा दिवस गेले आहेत. पाचवा महिना आहे. ती जिन्यात भेटली की फक्त बाजूला होऊन वाट देते.

आज संध्याकाळी मी समितीला सांगितलं, मी आत येणार नाही. हॉलच्या बाहेर फुटपाथवर फलक घेऊन उभी राहीन, आमदार आले की विचारीन, निघाले की पुन्हा विचारीन. अध्यक्ष म्हणाले, "बाहेर उभं राहून काय करणार? गजरे विकणार?" सगळे हसले, काकी तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी तोंड फिरवलं. सुनेच्या वेळेला तो विभाग बंद राहिला, तर त्या मला माफ करणार नाहीत, आणि त्यांनी करूही नये. मी सगळ्यांना सांगितलं, माझे वडील वाढपी होते, कोणाच्या घासाच्या, ओवाळणीच्या आड येऊ नये असं त्यांनी मला शिकवलं. ऐकून दोघंतिघं गंभीर झाले. एक जण म्हणाला, संस्कार आहेत.

तुमचं नाव मी आडोशाला घेतलं, अण्णा. खरं कारण ते नाही. दादरच्या त्या दुपारी मी जागेवरून उठण्याआधीच आमदारांच्या आईला पाहिलं होतं. त्या दिवशीच्या रोजनिशीत मी लिहून ठेवलंय की ती मला नंतर दिसली, मुलीलाही तेच सांगितलं. पण मी पाण्याचा पेला हातात धरून चांगली पाच मिनिटं बघत होते. तिला दात नसल्यामुळे ते तिच्या ताटातलं थालीपीठ लोण्यात कुस्करून देत होते. ते बघूनच मला धीर आला. वाटलं, आईसमोर हा माणूस माझ्यावर ओरडणार नाही.