दहापैकी शून्य

३ सप्टेंबर
आलो एकदाचा कंग्राळीला! भाचा नागेंद्र निपाणीहून गाडीत झोपवून घेऊन आला. तीस वर्षं बसमध्ये उभा राहिलेला मी कंडक्टर, आज पहिल्यांदा आडवा प्रवास केला. खोली झकास आहे, खिडकीबाहेर रताळ्याचं रान.

डॉक्टरांनी सरळच सांगितलं. यकृताचा कॅन्सर पसरलाय, बरा व्हायचा नाही. एका गोळीनं दोन-तीन महिने वाढतील कदाचित, पण तळहात-तळपाय सोलून निघतील. मी नको म्हटलं. दुखण्यावर मॉर्फिन, पोटातलं पाणी काढणं आणि डोकं भ्रमू नये म्हणून पोट साफ ठेवणारं गोड औषध, एवढं बास. शेवटपर्यंत शुद्धीत राहून सगळ्यांना पिडायचा बेत आहे.

९ सप्टेंबर
दवाखान्यात जाऊन पोटातलं पाणी काढून आलो. हलकं वाटलं, नागेंद्रच्या बायकोकडं, पूर्णिमाकडं, भाकरी मागितली. नर्स प्रियदर्शनी घरी येऊन गोळ्यांच्या वेळा लावून गेली. दुखणं दहापैकी किती, असं तिनं विचारलं. होतं सात, मी ऐटीत दोन सांगितलं. तिनं ओळखलं बहुतेक.

१४ सप्टेंबर
शेजारचे जोतिबाअण्णा आले. नागेंद्रशीच हळू आवाजात बोलले आणि 'येतो' न म्हणता उठून गेले. आमच्याकडं फक्त मयताच्या घरातून निघताना 'येतो' म्हणत नाहीत. मी मागून ओरडलो, "अण्णा, जित्ता हाय की मी अजून!" वळलेसुद्धा नाहीत. असा राग आला!

१५ सप्टेंबर
पाच जण आले. कुणीच 'येतो' म्हटलं नाही. पूर्णिमानं चहाही विचारला नाही. माझ्या गोळीची वेळ टळली, हाका मारल्या, कुणी येईना. आणि दुखत नाही. गोळीशिवाय अजिबात दुखत नाही. भ्रम असेल. प्रियदर्शनीला विचारीन —

१६, सकाळ
ती आली. उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या मोजून परत घेऊन गेली. मी ओरडत होतो. शून्य, बाई! दहापैकी शून्य! —

१६, दुपार
खाटेवरून उतरलो. खाली दिवा. दिव्याखाली पीठ. माणूस गेला तिथं पसरतात, त्याचं पाऊल कसलं उमटतं ते बघायला. दारात पूर्णिमा रडत म्हणतेय, "मामा लई हट्टी हुते."

हुते? आहे मी हट्टी. दाखवतोच. पाऊल ठेवलं. पीठ तसंच.

दुसरं ठेवलं. तसंच.

नाचतो आता त्यावर. थयथया नाचतो. बघू ते पीठ किती वेळ —